खुराड्यातला तापमापक

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून मकर संक्रांतीपर्यंत मी रोज पहाटे साडेपाचला दोन तापमापक पाहते. एक अंगणातल्या कडुनिंबाच्या खोडाला टांगलेला आहे आणि दुसरा खुराड्यात, कोंबड्या ज्या दांडीवर रात्री बसतात तिच्या उंचीवर. परवा पहाटे बाहेरचा पारा ४ अंशांवर होता आणि आतला ७ अंशांवर. धुके इतके दाट होते की खुराड्यापर्यंतची तीस पावले मी हातात विजेरी घेऊन चालले. आत कोंबड्या पिसे फुगवून, एकमेकींना खेटून स्वस्थ बसल्या होत्या आणि त्यांच्या पायाखालचा तूस हाताला कोरडा लागत होता. आत-बाहेरचा हा तीन अंशांचा फरक ऐकून पाहुणे हळहळतात आणि शेगडी किंवा हीटर का ठेवत नाही असे विचारतात. त्यांची काळजी खरी असते. मात्र तो फरक वाढवण्याच्या नादात मी एकदा आठ कोंबड्या गमावल्या आहेत, म्हणून या विषयावर सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

आमचे मूळ घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागात. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ १८१० साली इथे पडला आणि त्या तळाचेच पुढे लष्कर नावाचे शहर झाले, त्या काळापासून आमच्या वाड्यात एखादी तरी गाय किंवा म्हैस दावणीला असे. वाड्याच्या वाटण्या झाल्यावर आम्ही तिघरा रस्त्याकडच्या जमिनीवर लहानसे घर बांधले आणि सासूबाईंनी म्हैस तिकडे नेली. आज तिथे दोन म्हशी, सात बारबरी शेळ्या आणि चाळीसेक कोंबड्या आहेत. कोंबड्यांपैकी निम्म्या झाबुआकडच्या कडकनाथ आहेत आणि बाकीच्या गावठी. हा आमचा धंदा नव्हे. घरच्यापुरते दूध, अंडी आणि थोडीफार विक्री एवढाच पसारा आहे. त्यामुळे इथे लिहिलेले सगळे लहान प्रमाणावर पाळणाऱ्यांच्या उपयोगाचे आहे.

खुराड्याच्या पहिल्या हिवाळ्यातली गोष्ट आधी सांगते. त्या वर्षी जानेवारीच्या सुरुवातीला थंडीचा कडाका पडला आणि रात्री कोंबड्या कुडकुडत असतील या विचाराने मला झोप लागेना. मी बाजारातून जाड प्लास्टिकचा कागद आणला आणि खुराड्याच्या चारही बाजूंच्या जाळ्या वरपासून खालपर्यंत, एक फटही न ठेवता, झाकून टाकल्या. पहिल्या दोन रात्री आत खरोखरच ऊब जाणवली आणि मला समाधान वाटले. तिसऱ्या दिवशी सकाळी प्लास्टिकच्या आतल्या बाजूने पाण्याचे ओघळ दिसले आणि पत्र्यावरून थेंब टपकत होते. पाचव्या दिवशी दार उघडताच डोळे चुरचुरले. आठवड्याभरात कोंबड्या शिंकू लागल्या, काहींच्या नाकातून पाणी येऊ लागले, दोघींचे डोळे सुजले आणि औषधोपचार सुरू असतानाच एकामागून एक आठ कोंबड्या गेल्या. पशुवैद्य आले तेव्हा त्यांनी कोंबड्यांना हात लावण्याआधी प्लास्टिक फाडायला सांगितले. या कोंबड्या थंडीने आजारी पडलेल्या नाहीत, त्या स्वतःच्याच श्वासाने भिजल्या आहेत, असे त्यांनी समजावले. तो दिवस मी विसरलेले नाही.

नंतर बसून हिशेब केला तेव्हा त्यांचे म्हणणे नीट उमगले. एक मोठी कोंबडी हिवाळ्यात दिवसाला साधारण २०० मिलिलिटर पाणी पिते. चाळीस कोंबड्यांचे मिळून ते आठ लिटर होते. त्यातला थोडा भाग अंड्यात जातो आणि उरलेले सगळे पाणी विष्ठेतून व श्वासातून त्याच खुराड्यात बाहेर पडते. म्हणजे चहूबाजूंनी बंद केलेल्या खोलीत मी रोज जवळजवळ अर्धी बादली पाणी शिंपडत होते. ओल्या तुसात कोंबडीच्या विष्ठेतले युरिक आम्ल जिवाणूंमुळे कुजते आणि त्यातून अमोनिया निघतो. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे प्रमाण २५ भागांच्या वर गेले की पक्ष्यांच्या श्वासनलिकेतली संरक्षक लव दुबळी होऊ लागते आणि मग एरवी निरुपद्रवी ठरणारे जंतूही आत शिरकाव करतात. माणसाच्या नाकालाही साधारण त्याच सुमारास हा वास कळू लागतो, पण आत थोडा वेळ थांबले की नाक त्याला सरावते. म्हणून मी दार उघडल्याबरोबर, पहिल्याच श्वासात आणि तेही गुडघ्यावर बसून वास घेते. कोंबडी ज्या उंचीवर श्वास घेते तिथली हवा उभ्या माणसाच्या नाकाला कळत नाही.

कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१ अंशांच्या आसपास असते, म्हणजे आपल्यापेक्षा चार अंशांनी जास्त. तिच्या अंगावरची पिसे फुगली की त्यांच्यामध्ये कोंडलेली हवा रजईचे काम करते. पिसे ओली झाली किंवा वाऱ्याच्या झोताने विस्कटली की ती हवा निघून जाते आणि रजईचा उपयोग संपतो. पाय उघडे असतात, त्यामुळे बसण्याची दांडी महत्त्वाची ठरते. पूर्वी आम्ही बांबू लावला होता. गोल आणि बारीक बांबूवर कोंबडीला बोटे आवळून बसावे लागते. आता दोन-अडीच इंच रुंदीची, कडा घासून गोलसर केलेली सपाट लाकडी पट्टी आहे. तिच्यावर कोंबडी पाय पसरून बसते आणि पोटाची पिसे बोटांवर आपोआप पांघरली जातात. लोखंडी नळी मात्र कधीही लावू नये, कारण पहाटे ती इतकी गार पडते की आपल्यालाही हात लाववत नाही.

समाजमाध्यमांवर कोंबड्यांच्या थंडीविषयी जे सल्ले फिरतात ते बहुतेक बर्फाळ देशांतले असतात. तुऱ्याला पेट्रोलियम जेली चोळणे, पाणी गोठू नये म्हणून भांड्याखाली तापणारी तबकडी ठेवणे वगैरे. आपल्याकडे पाणी गोठत नाही. ग्वाल्हेरच्या थंडीचा स्वभाव वेगळा आहे. हवामान खात्याचे लोक ज्याला पश्चिमी विक्षोभ म्हणतात तो वरून सरकतो, एक-दोन दिवस मावठाचा पाऊस पडतो, जमीन ओली होते, मग आकाश निवळते आणि वायव्येकडून कोरडा, बोचरा वारा सुटतो. त्या रात्री पारा एकदम खाली येतो. वारा पडला की ओल्या जमिनीवर धुके धरते आणि कधी कधी सलग तीन-चार दिवस दुपारपर्यंत सूर्य दिसत नाही. पारा खाली गेलेली एखादी रात्र जनावरे सहन करतात. ऊन न मिळाल्यामुळे जमीन, तूस, झुली आणि केस यांपैकी काहीच वाळत नाही, हे त्यांना जड जाते. त्यामुळे आमच्याकडच्या हिवाळ्याची तयारी म्हणजे मुख्यतः ओलाव्याविरुद्धची तयारी होय, असे माझे ठाम मत झाले आहे.

त्या अपघातानंतर खुराडे आम्ही नव्याने उभारले. त्याची लांबी पूर्व-पश्चिम आहे. उत्तर आणि पश्चिम बाजूंना खाली दोन फूट विटांची भिंत, वर जाळी आणि जाळीवर तरटाचा पडदा आहे. दक्षिण बाजू दिवसा पूर्ण उघडी असते. पडद्याची रचना नीट समजून घेण्यासारखी आहे. बहुतेक जण पडदा वरून बांधतात आणि खालून गुंडाळतात, त्यामुळे तो थोडा उघडला तरी वारा थेट कोंबड्यांच्या अंगावर येतो. आमचा पडदा खालच्या कडेला कायम बांधलेला आहे आणि दोरीने वरची कड खाली सोडता येते. थंडीच्या रात्रीही वर वीतभर फट उघडी राहते. आतली उबदार, दमट हवा हलकी असल्यामुळे वर चढते आणि त्या फटीतून निघून जाते, तर खाली दांडीवर बसलेल्या कोंबड्यांना झोत लागत नाही. झोत लागतो की नाही हे पाहण्यासाठी मी संध्याकाळी दांडीजवळ उदबत्ती धरते. धूर सरळ वर गेला तर ठीक. आडवा वाहिला तर कुठली तरी फट बुजवायची राहिली आहे असे समजावे.

दक्षिण बाजू उघडी ठेवण्यामागे सूर्याचा हिशेब आहे. ग्वाल्हेरला डिसेंबरच्या २२ तारखेच्या सुमारास भर दुपारी सूर्य क्षितिजापासून फक्त ४० अंशांच्या आसपास वर असतो, तर जूनमध्ये तो जवळजवळ डोक्यावर येतो. पन्हाळीची कड जमिनीपासून सहा फुटांवर असेल तर हिवाळ्यात दुपारचे ऊन सुमारे सात फूट आत येते आणि उन्हाळ्यात ते उंबरठ्याबाहेरच राहते. आमचे खुराडे आठ फूट रुंद आहे, म्हणजे धुके नसलेल्या दिवशी जवळजवळ सगळा तूस ऊन खातो. हे ऊन फुकट मिळते आणि ते तूस वाळवण्याचे काम ज्या रीतीने करते तसे कुठल्याही दिव्याने होत नाही.

तूस आम्ही डबऱ्याहून आणतो. डबऱ्याला भाताच्या गिरण्या आहेत, त्यामुळे तिथे तो मुबलक आणि स्वस्त मिळतो. उन्हाळ्यात दोन इंचांचा थर पुरतो. हिवाळ्यात मी चार ते पाच इंचांचा थर देते आणि एक दिवसाआड दाताळ्याने तो खालीवर करते. तुसाची परीक्षा मुठीत होते. मूठभर तूस आवळून सोडला आणि गोळा तसाच राहिला तर तो ओला आहे, किंचित जमून लगेच विखुरला तर योग्य आहे आणि अजिबात जमला नाही तर इतका कोरडा आहे की धूळ उडेल. पाण्याच्या भांड्याभोवतीचा तूस सगळ्यांत आधी भिजतो, म्हणून भांडी विटांवर, कोंबडीच्या पाठीच्या उंचीला ठेवली आहेत आणि तिथला तूस रोज बदलते. ओल्या तुसात रक्ती हगवणीचे परजीवी झपाट्याने वाढतात आणि पिल्लांवर त्यांचा पहिला घाला पडतो, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. एका कोपऱ्यात जुन्या टोपलीत चाळलेली राख आणि कोरडी माती ठेवलेली असते. कोंबड्या तीत लोळतात, त्यामुळे पिसांतल्या उवा कमी होतात आणि पिसे मोकळी राहतात.

हिवाळ्यात अंडी कमी होतात याचे खापर लोक थंडीवर फोडतात. मुख्य कारण उजेडाचे आहे. कोंबडीला अंड्यावर राहण्यासाठी १४ ते १६ तासांचा उजेड लागतो आणि डिसेंबरअखेर आपल्याकडे दिवस साडेदहा तासांचा असतो. दिवा लावून हा उजेड भरून काढता येतो. मी तो भरून काढत नाही, कारण शरदात पिसे झडून नवी आलेली असतात आणि या दोन महिन्यांची विश्रांती कोंबडीला मिळावी असे मला वाटते. ज्यांना अंडी विकायची आहेत त्यांनी दिवा पहाटे लावावा, संध्याकाळी लावू नये. संध्याकाळी दिवा अचानक विझला तर कोंबड्या दांडीवर चढण्याआधीच अंधार होतो आणि त्या गार जमिनीवर अडकून पडतात. पहाटे लावलेल्या दिव्यानंतर उजाडतेच. संध्याकाळी मावळतीच्या आधी मूठ-मूठ भरडलेला मका मात्र मी न चुकता टाकते. गळ्याखालची थैली भरलेली असली की रात्रभर ते दाणे पचत राहतात आणि अंगात ऊब तयार होते. मक्यात प्रथिने कमी असतात, त्यामुळे तो नेहमीच्या खाद्यावर वरून द्यायचा असतो, त्याच्या जागी नव्हे.

पिल्लांची गोष्ट मात्र सर्वस्वी निराळी आहे आणि इथे उष्णता बाहेरून द्यावीच लागते. अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या अंगावर नुसती लव असते, पिसे यायला काही आठवडे जातात. पहिल्या आठवड्यात त्याला ३५ अंशांची ऊब हवी असते, नंतर दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी करत पाचव्या-सहाव्या आठवड्यापर्यंत २१ अंशांवर यावे. आमच्या भागातल्या पहाटेच्या ४ अंशांत ३५ अंश टिकवणे हे मोठे काम आहे. म्हणून डिसेंबर-जानेवारीत पिल्ले आणूच नयेत असा माझा सल्ला असतो. आमच्या कडकनाथ कोंबड्या खुडूक बसत नाहीत, त्यामुळे त्यांची अंडी मी गावठी कोंबडीखाली ठेवते आणि अशी गावठी आई मिळाली तर हिवाळ्यातली पिल्लेसुद्धा सहज जगतात. तिच्या पंखाखालच्या उबेची बरोबरी करणारे यंत्र मी अजून पाहिलेले नाही.

गेल्या वर्षी आमच्या खुडूक कोंबडीला एकविसाव्या दिवशीच मुंगूस घेऊन गेले आणि सोळा पिल्ले आमच्या हातांवर आली. गोल पत्र्याचे दीड फूट उंचीचे कडे करून, त्यात तूस आणि वर पहिल्या दोन दिवसांपुरता कागद पसरून आम्ही दिवे लावले. दर पिल्लामागे दोन वॉट हा सर्वसाधारण हिशेब आहे. आमच्याकडच्या थंडीत तो अपुरा पडतो, म्हणून ४० वॉटचे दोन दिवे लावले. एकच मोठा दिवा न लावता दोन लावण्याचे कारण हे की एक रात्री गेला तर दुसरा पिल्लांना सकाळपर्यंत नेतो. दिवे जुन्या पद्धतीचे, तारेचे असावे लागतात. एलईडी दिव्यातून उजेड मिळतो, पण पिल्लांना पुरेल अशी ऊब मिळत नाही. आता असे दिवे शोधावे लागतात, तेव्हा दोन-चार घरात जास्तीचे ठेवलेले बरे. तापमापकापेक्षाही पिल्लांच्या बसण्यावर नजर ठेवावी. ती दिव्याखाली गोळा होऊन चिवचिवत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे, कडेला जाऊन चोच उघडून बसली असतील तर उष्णता जास्त झाली आहे, सगळी एकाच बाजूला असतील तर दुसऱ्या बाजूने झोत येतो आहे आणि सगळीकडे विखुरलेली असतील तर आपणही झोपायला हरकत नाही.

त्या दिवसांत एका रात्री दिव्याची वायर जिथे खिळ्याला गुंडाळली होती तिथून सुटली आणि दिवा तुसावर पडला. जळका वास आला म्हणून यजमान धावले. हातभर जागेतला तूस काळा पडून धुमसत होता. आणखी दहा मिनिटे गेली असती तर काय झाले असते याचा विचारही करवत नाही. तेव्हापासून दिवा साखळीने टांगतो, त्याला दुसरी स्वतंत्र तार बांधतो आणि भोवती जाळीची टोपी घालतो. वायरवर दिव्याचा भार कधीही टाकू नये.

शेळ्यांविषयी लिहायचे तर सगळ्यांत आधी जमिनीविषयी लिहावे लागते. शेळीच्या कातडीखाली चरबीचा थर पातळ असतो आणि ओल्या, गार जमिनीवर बसली की पोटाच्या बाजूने तिची ऊब निघून जाते. आमच्या शेळ्यांसाठी जमिनीपासून दीड फूट उंच लाकडी मचाण आहे, फळ्यांमध्ये अर्ध्या इंचाची फट आहे, त्यामुळे लेंड्या आणि मूत्र खाली पडते. हिवाळ्यात त्यावर गव्हाचा भुसा पसरते आणि वाऱ्याच्या बाजूने कडब्याच्या पेंढ्यांची भिंत रचते. बारबरी ही जात याच पट्ट्यातली, आग्रा-इटाव्याकडची, त्यामुळे मोठ्या शेळ्या कोरड्या थंडीला दाद देत नाहीत. मावठात भिजल्या तर मात्र त्याच शेळ्या दोन दिवसांत खोकू लागतात.

करडे बहुतेक रात्रीच जन्मतात आणि आमच्याकडे ती नेमकी जानेवारीत येतात. जन्मलेले करडू ओले असते आणि ४-५ अंशांच्या हवेत ओल्या करडाची ऊब अर्ध्या तासात उतरते. आईने चाटायला सुरुवात केली तरी मी कोरड्या गोणपाटाने त्याला चोळून काढते, नाळेला टिंक्चर आयोडीन लावते आणि तासाभराच्या आत त्याने चीक प्यायला आहे याची स्वतः खात्री करून घेते. दोन किलोच्या करडाला पहिल्या दिवसात सुमारे २०० मिलिलिटर चीक चार-पाच वेळांत मिळून गेला पाहिजे. रोगाशी लढण्याची ताकद त्याला त्यातूनच मिळते, कारण शेळीत ती गर्भातून पिल्लाला मिळत नाही. एखादे करडू मलूल दिसले तर त्याच्या तोंडात बोट घालून पाहावे. तोंड आतून गार लागले तर आधी ऊब द्यावी आणि मगच चीक पाजावा. गारठलेल्या करडाला गिळता येत नाही, जबरदस्तीने पाजलेले दूध फुप्फुसात उतरते आणि हाताशी आलेले पिल्लू जाते. मी अशा करडाला गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलमध्ये गुंडाळून त्यांच्यामध्ये ठेवते. ते मान उचलून बोट चोखू लागले की आईला लावते.

झुलीचा नियम सासूबाईंचा आहे. गोणपाटाच्या दोन थरांत जुने सुती कापड शिवून त्या झुली करत आणि म्हशी, शेळ्या, वासरे, सगळ्यांना दिवस मावळताना घालत. नवी सून म्हणून आले त्या हिवाळ्यात एकदा धुके होते म्हणून मी झूल दुपारपर्यंत अंगावरच राहू दिली. त्यांनी मला हाक मारून ओली झूल माझ्या हाताला लावली आणि म्हणाल्या, ‘सूनबाई, ही ओली गोधडी तू तुझ्या अंगावर घेशील का?’ तेव्हापासून झूल सकाळी निघते, म्हणजे निघतेच. ऊन असेल तर दोरीवर, धुके असेल तर स्वयंपाकघराच्या चुलीमागे. प्रत्येक जनावरामागे दोन झुली असाव्यात, म्हणजे एक वाळत असताना दुसरी वापरता येते.

म्हैस गायीपेक्षा थंडीला हळवी असते. तिच्या जाड काळ्या कातडीवर केस विरळ असतात. भिंड-मुरैनाकडची भदावरी म्हैस इथल्या हवेला सरावलेली आहे आणि तिच्या दुधाला स्निग्धांश चांगला असतो, पण तिलाही पहाटेचा वारा सोसत नाही. आंघोळ फक्त उन्हात, दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान घालावी आणि धुक्याच्या दिवशी नुसते खरारा करून सोडून द्यावे. कोरड्या हवेत सडांना भेगा पडतात, दूध काढताना तिला वेदना होतात आणि ती पान्हा चोरते. दूध काढून झाल्यावर सडांना थोडे लोणी चोळले की हा त्रास टळतो.

म्हशीच्या पोटातच तिची शेगडी आहे, हे मला फार उशिरा कळले. तिच्या मोठ्या पोटात चारा आंबतो तेव्हा बरीच उष्णता निर्माण होते आणि गव्हाच्या भुशासारखा किंवा कडब्यासारखा कोरडा, धाग्यांचा चारा खाल्ल्यावर ती अनेक तास टिकते. म्हणून कोरड्या वैरणीचा मोठा वाटा आम्ही रात्री नऊला गव्हाणीत टाकतो, म्हणजे पहाटेच्या कडाक्याच्या वेळी रवंथ चालू असते. बाजरीचा गुळ घातलेला दलिया आमच्याकडे सगळेच देतात आणि म्हशी तो आवडीने खातात. मात्र धान्याचे प्रमाण एकदम वाढवू नये, पोटात आम्ल वाढून जनावर खाणे सोडते.

बरसीम या हिरव्या चाऱ्याबाबत एक इशारा द्यावासा वाटतो. हिवाळ्यात या भागात बरसीम सगळीकडे हिरवागार असतो आणि दूध वाढते म्हणून तो सढळ हाताने घातला जातो. दोन वर्षांपूर्वी आमच्या गड्याने सकाळी आठला, दवाने ओथंबलेला कोवळा बरसीम कापून उपाशी म्हशीपुढे टाकला. तासाभरात तिची डावी कूस नगाऱ्यासारखी फुगली आणि ती पाय आपटू लागली. पशुवैद्यांनी नळीने पोटात तेल सोडून आतला फेस मोडला, तेव्हा ती वाचली. आता बरसीम दव उतरल्यावर दुपारी कापला जातो, दोन तास पसरून ठेवला जातो आणि भुशात मिसळून, तोही आधी पोटात कोरडा चारा गेल्यावर, दिला जातो.

पाण्याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. थंडीत जनावर गार पाण्याला तोंड लावत नाही, कमी पिते, मग चाराही कमी खाते आणि दूध घटते. पाणी तापवण्याची गरज नसते. गच्चीवरच्या टाकीतले पाणी रात्रभरात गार होते, पण कूपनलिकेतून नुकतेच उपसलेले पाणी जमिनीच्या पोटातल्या वर्षभराच्या सरासरी तापमानाचे असते आणि जानेवारीत हाताला चक्क कोमट लागते. सकाळी पंप सुरू करून थेट हौदात पाणी सोडले की म्हशी पोटभर पितात. कोंबड्यांची भांडी रात्री रिकामी करून ठेवते आणि सकाळी याच पाण्याने भरते.

शेकोटीविषयी मी कडक आहे. बंद गोठ्यात निखाऱ्यांची शेगडी ठेवली की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो आणि दावणीला बांधलेले जनावर दार उघडून बाहेर पडू शकत नाही. वर कडबा आणि खाली भुसा असलेल्या जागेत ठिणगीचे काय होते हे वेगळे सांगायला नको. गड्याला शेकायचे असेल तर शेकोटी अंगणात, गोठ्यापासून लांब आणि वारा गोठ्याकडून शेकोटीकडे जाईल अशा बाजूला पेटते.

आज दुपारपासून पश्चिमेला ढग चढले आहेत आणि मावठाचा अंदाज आहे. तुसाची दोन कोरडी पोती खुराड्याच्या ओट्यावर आत घेतली आहेत, मचाणावरच्या पत्र्याची एक फट डांबराने बुजवली आहे आणि दोन शेळ्या दिवसांवर आल्या आहेत म्हणून गोणपाट, आयोडीन आणि बाटल्या दाराशी काढून ठेवल्या आहेत. पाऊस बहुधा उद्या संध्याकाळी थांबेल आणि आकाश निवळून वारा फिरला की त्या पहिल्या रात्री मी तापमापक पहाटेची वाट न पाहता, रात्री दोन वाजताही एकदा पाहून येईन.